जखमेचा दाखला : मॉर्मन, यूट आणि आपण

गेल्या महिन्यात एका युवा शिबिरात होते. दुपारच्या सत्राच्या वक्त्याने 'समाजाने स्वतःच्या पायावर कसे उभे राहावे' यासाठी अमेरिकेतल्या मॉर्मन लोकांचे उदाहरण दिले. छळ झाला, घरे जाळली गेली, नेत्याचा खून झाला, तरी ते हरले नाहीत. बैलगाड्या घेऊन दोन हजार किलोमीटर चालत गेले, ओसाड वाळवंटात कालवे खणले, प्रत्येकाने उत्पन्नाचा दहावा हिस्सा संघटनेला दिला आणि एक राज्य उभे केले. बाबासाहेबांनी आपल्याकडे विसावा हिस्सा मागितला होता, तोही आपण देत नाही, असे म्हणून वक्ते बसले. टाळ्या झाल्या. विसाव्या हिश्शाचे बोलणे खरे होते, म्हणून मीही वाजवल्या.

मग मागच्या रांगेतला एक तरुण उठला. म्हणाला, "सर, तिथे आधी रेड इंडियन होते ना? ते म्हणजे आपण. मूलनिवासी." त्यालाही टाळ्या पडल्या.

एकाच सभागृहात पाच मिनिटांच्या अंतराने आपण मॉर्मनही झालो आणि यूटही झालो, आणि कुणालाच त्यात काही खटकले नाही. मला वाटते वक्ताही चुकला आणि तरुणही चुकला. या दोन चुकांमध्ये आपल्या चळवळीचे एक दुखणे लपलेले आहे, म्हणून हा लेख.

आधी मॉर्मनांची जखम. ती खोटी नव्हती. १८३० मध्ये जोसेफ स्मिथने हा पंथ स्थापन केला आणि पुढची सोळा वर्षे हे लोक एका राज्यातून दुसऱ्या राज्यात हाकलले गेले. २७ ऑक्टोबर १८३८ रोजी मिसूरीचा गव्हर्नर बॉग्ज याने लेखी हुकूम काढला की मॉर्मनांना शत्रू समजा, त्यांना राज्याबाहेर काढा, नाहीतर संपवा. तीनच दिवसांनी हॉन्स मिल या वस्तीवर जमावाने हल्ला करून सतरा जणांना ठार मारले. १८४४ मध्ये इलिनॉयच्या कार्थेज तुरुंगात घुसून जमावाने स्मिथचा खून केला. दाद मागायला गेले तर केंद्र सरकारने हात वर केले. गावाबाहेर काढले जाणे, पोलीस जमावाच्या बाजूने असणे, तक्रार घेऊन दारोदार फिरणे म्हणजे काय हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. खैरलांजी पाहिलेल्या समाजाने हॉन्स मिलबद्दल वाचले तर त्याच्या पोटात कालवले पाहिजे. कालवलेच पाहिजे.

२४ जुलै १८४७ रोजी ब्रिगहॅम यंग यांच्या नेतृत्वाखाली हे लोक सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोहोचले. युटा राज्यात आजही तो दिवस सरकारी सुट्टीने साजरा होतो. आणि इथेच वक्त्याचा 'ओसाड' हा शब्द येतो.

ती जमीन ओसाड नव्हती. सॉल्ट लेकचे खोरे शोशोनी आणि यूट या दोन लोकसमूहांच्या सीमेवर होते. त्याच्या दक्षिणेला गोड्या पाण्याचे युटा सरोवर आहे. त्याच्या काठी यूटांपैकी टिंपानोगोस लोक राहत. वसंतात अंडी घालायला मासे नद्यांमध्ये चढत, तेव्हा दूरदूरचे यूट तिथे जमत. मासेमारी, लग्नकार्य, देवघेव, नाच, सगळे तिथेच. स्वतःला ते 'नूचू' म्हणतात, म्हणजे माणसे. नांगर दिसला नाही म्हणून पाहुण्यांना ती जमीन रिकामी वाटली. ज्या जमिनीवर सातबारा नाही ती कुणाचीच नाही, हा न्याय कुणाच्या सोयीचा असतो ते सांगायला नको.

१८४९ मध्ये मॉर्मनांनी याच सरोवराजवळ, आज जिथे प्रोवो शहर आहे तिथे, फोर्ट युटा बांधला. त्यांच्या जाळ्यांनी मासे नेले, गुरांनी गवत आणि त्याचे बी खाल्ले, आणि त्यांच्याबरोबर गोवरही आला. भुकेले यूट गुरे उचलू लागले. वस्तीच्या भाषेत ती चोरी होती. ज्यांचे मासे आणि गवत संपले होते, त्यांच्या भाषेत काय होती हे विचारायला कुणी थांबले नाही.

मग तीन वसाहतवाल्यांनी एका यूट माणसाला गाठले. त्याच्या अंगावरचा शर्ट आपला आहे असा त्यांचा दावा होता. त्याने शर्ट दिला नाही, त्यांनी त्याला मारले, पोट फाडून आत दगड भरले आणि प्रेत नदीत बुडवले. वसाहतवाले त्याला 'म्हातारा बिशप' म्हणत. त्याचे स्वतःचे नाव कुणी लिहून ठेवले नाही. हा खून वरिष्ठांपासून लपवला गेला आणि 'इंडियन आपल्यावर हल्ला करणार' एवढेच कळवले गेले. आधी यंग तयार नव्हते, नंतर झाले. ३१ जानेवारी १८५० रोजी मॉर्मन फौजेला हुकूम मिळाला की जे यूट शत्रुत्व सोडून बाजूला होत नाहीत त्यांना संपवा.

तारखा पुन्हा वाचा. २७ ऑक्टोबर १८३८ आणि ३१ जानेवारी १८५०. स्वतःच्या नावाने निघालेला संहाराचा हुकूम आणि स्वतः काढलेला संहाराचा हुकूम यांच्यात अकरा वर्षे आणि तीन महिने आहेत. पिढीसुद्धा बदललेली नव्हती. मिसूरीतून पोरांना कडेवर घेऊन पळालेली माणसेच या हुकुमाखाली बंदुका घेऊन निघाली.

फेब्रुवारीच्या बर्फात लढाई झाली. मॉर्मनांचा एक माणूस मेला. मेलेल्या यूटांची संख्या वेगवेगळ्या नोंदींत चाळीसपासून शंभरपर्यंत आहे. सरोवराच्या दक्षिण बाजूला सुमारे अकरा पुरुषांना निःशस्त्र करून त्यांच्या बायकापोरांसमोर गोळ्या घातल्या. सर्वेक्षणासाठी आलेल्या सरकारी तुकडीतल्या एका डॉक्टरच्या सांगण्यावरून मृतांची मुंडकी कापून आणली गेली, कारण ती 'अभ्यासासाठी' वॉशिंग्टनला पाठवायची होती. उरलेल्या बायका आणि मुले सॉल्ट लेकला नेऊन मॉर्मन घरांमध्ये वाटली गेली. त्याच प्रोवोत आज ब्रिगहॅम यंग यांच्या नावाचे विद्यापीठ आहे.

आता कुणी म्हणेल, त्या काळी सगळेच गोरे असे वागत होते, मॉर्मनांना वेगळे काढायचे कशाला? मी त्यांना वेगळे काढत नाही. ते वेगळे निघाले नाहीत, हाच माझा मुद्दा आहे. इतका छळ सोसलेला समाज हातात बंदूक आणि शेजारी दुबळा माणूस आल्यावर बाकीच्यांसारखाच वागला. छळाने त्यांना एकजूट शिकवली, शिस्त शिकवली, पैसा गोळा करायला शिकवले. न्याय नाही शिकवला. तो वेगळा शिकावा लागतो.

यात त्यांच्या धर्मग्रंथाचा वाटा मोठा आहे. मॉर्मन ग्रंथाप्रमाणे अमेरिकेतले मूळ रहिवासी हे 'लॅमनाइट' म्हणजे प्राचीन काळी देवापासून भरकटलेल्या आणि शापाने काळवंडलेल्या एका वंशाचे वारस. त्यांनी खरा धर्म स्वीकारला की ते उजळ होतील. १९८१ च्या आवृत्तीत त्यातल्या एका वचनात 'गोरे' या अर्थाचा शब्द काढून 'शुद्ध' हा शब्द घातला गेला. गोऱ्याचे शुद्ध झाले म्हणून काय बदलले, हे शुद्धीचे राजकारण पिढ्यानपिढ्या भोगलेल्या माणसाला विचारा.

यूटांनी स्वतःला कधी लॅमनाइट म्हटले नव्हते. ते नाव देणाऱ्याच्या पुस्तकातून आले. आपल्यालाही असेच एक नाव कुणीतरी प्रेमाने दिले होते, 'हरिजन', आणि बाबासाहेबांनी ते का नाकारले ते आपण जाणतो. नाव देणारा स्वतःला पालक ठरवतो. एकदा पालक ठरला की हक्काचा प्रश्न संपतो आणि दयेचा सुरू होतो. यंग यांचे पुढे प्रसिद्ध झालेले धोरण हेच होते की इंडियनांशी लढण्यापेक्षा त्यांना खाऊ घालणे स्वस्त पडते. माणसे आजही ते त्यांच्या उदारतेचा पुरावा म्हणून सांगतात. अहो, ज्यांचे सरोवर होते त्यांना भाकरी घालणे ही उदारता कशी? हरिजन सेवक संघाच्या सेवेमागे अस्पृश्यांचा स्वतंत्र बाणा मारण्याचा डाव आहे, असे बाबासाहेबांनी सांगितले होते. हा दुसऱ्या खंडातला तोच हिशोब.

या दयेचा कायदाही झाला. १८५२ मध्ये युटाच्या विधिमंडळाने इंडियन गुलाम आणि कैदी यांच्या 'सुटके'साठी कायदा केला. विकत घेतलेले मूल मालकाने वीस वर्षांपर्यंत घरी राबवायचे, शाळा असेल तर वर्षातले तीन महिने शाळेत पाठवायचे, अंगावर कपडे घालायचे. याला सुटका म्हणायचे! त्याच वर्षी त्याच विधिमंडळाने काळ्या माणसांच्या गुलामीलाही कायद्याचा आधार दिला. काळ्या पुरुषांना या चर्चमध्ये पुरोहितपद मिळायला १९७८ साल उजाडले.

आणि धर्मांतर? तेही झाले. यूटांचा मोठा नेता वाकारा याने १८५० मध्ये बाप्तिस्मा घेतला. तीन वर्षांनी तोच वाकारा मॉर्मनांविरुद्ध युद्धात होता, कारण बाप्तिस्म्याने ना गवत परत आले ना मासे. दिलेला धर्म आणि घेतलेला धर्म यात किती अंतर असते ते इथे दिसते. बाबासाहेबांनी १९३५ मध्ये येवल्याला घोषणा केली आणि १९५६ मध्ये नागपूरला दीक्षा घेतली. मधली एकवीस वर्षे त्यांनी प्रत्येक धर्माला प्रश्न विचारले. वाकाराला प्रश्न विचारायला कुणी वेळच दिला नाही. पाण्यात उतर, म्हणजे आमचा होशील, एवढेच.

पुढची गोष्ट जमिनीची आहे. यूटांना पूर्वेकडच्या युइंटा खोऱ्यात हलवायचे ठरले. त्याआधी मॉर्मनांनी स्वतःसाठी त्या खोऱ्याची पाहणी केली होती, आणि ती जागा शेतीच्या कामाची नाही, इंडियनांच्या शिकारीपुरती ठीक, असा निष्कर्ष निघाला. ऑक्टोबर १८६१ मध्ये अध्यक्ष लिंकन यांनी ती जागा यूटांसाठी राखीव केली. नको असलेली जमीन दान करणे सोपे असते.

जून १८६५ मध्ये स्पॅनिश फोर्क इथे करार झाला. यंग स्वतः हजर होते. विकले नाही तरी सरकार जमीन घेणारच आहे, तेव्हा मिळेल ते घ्या, असा त्यांचा सल्ला होता. सॅनपिच नावाच्या नेत्याने जमीन विकायला नकार दिला, तरी शेवटी सह्या झाल्या. अमेरिकन सिनेटने तो करार कधीच मंजूर केला नाही. म्हणजे मोबदल्याचे वचन बुडाले आणि जमीन मात्र गेली ती गेलीच. पुढच्या वर्षी सॅनपिच मॉर्मनांच्या तुरुंगातून निसटला आणि मारला गेला.

तोवर ब्लॅक हॉकचे युद्ध पेटले होते. हिवाळ्यात रोगराई आणि उपासमार झाली होती. एप्रिल १८६५ मध्ये मँटी गावात गुरांवरून बोलणी चालू असताना एका वसाहतवाल्याने एका यूट तरुणाला घोड्यावरून खाली ओढले. तरुणाचा बाप नुकताच रोगाने गेलेला होता. त्या एका अपमानावर सात-आठ वर्षे रक्त सांडले. अँटोंगा ब्लॅक हॉक याने १८६७ मध्ये शस्त्र ठेवले, मरण्याआधी गावोगावी फिरून समेटाची बोलणी केली आणि १८७० मध्ये तो वारला. त्याची कबर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खाणवाल्यांनी उकरली. त्याची हाडे आधी एका दुकानाच्या काचेत मांडली गेली, मग सॉल्ट लेकला चर्चच्या संग्रहालयात. ती पुन्हा मातीत गेली १९९६ मध्ये. समेट करणाऱ्या माणसाला मातीही कित्येक दशके नीट मिळाली नाही.

'निरुपयोगी' युइंटाचे काय झाले? १९०५ मध्ये तेही बाहेरच्यांसाठी खुले केले. निषेध म्हणून पुढच्या वर्षी साडेतीनशेच्या आसपास यूट गाड्या-घोडे घेऊन दक्षिण डकोटाकडे निघून गेले आणि १९०८ मध्ये त्यांना परत यावे लागले. दरम्यान तिथल्या स्ट्रॉबेरी खोऱ्यातली सुमारे ५६,००० एकर जमीन धरणासाठी काढून घेतली. ते पाणी डोंगरातून बोगदा खणून कुठे नेले? युटा सरोवराच्या बाजूच्या शेतीला. ज्या खोऱ्यातून यूटांना हाकलले, त्या खोऱ्यातली शेती पिकवायला त्यांच्या नव्या जागेचे पाणीही गेले. वक्त्याने कौतुक केले ते कालवे हेच. चवदार तळ्याच्या वारसांनी कालव्याला टाळ्या वाजवण्याआधी पाणी कुणाचे हे विचारायला नको होते का?

आता मागच्या रांगेतल्या त्या तरुणाकडे येते. "यूट म्हणजे आपण."

भावना समजते. पण बाबासाहेबांनी 'शूद्र पूर्वी कोण होते?' या ग्रंथात आर्य आक्रमणाचा सिद्धांत आणि जातीला वंशाचा आधार देणारी मांडणी पुराव्यानिशी खोडून काढली आहे. जात हा वंशाचा मामला नाही हे ते १९३६ पासून सांगत होते. यूटांची लढाई हिरावलेल्या भूमीची, पाण्याची आणि मोडलेल्या करारांची आहे. आपली लढाई गावातच ठेवून गावाबाहेर काढलेल्या माणसाची आहे. दोन्हींना एकच नाव दिले की दोन्हींचा अभ्यास थांबतो. एक फरक तर डोळ्यात भरणारा आहे. आपल्या आजी-आजोबांनी १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मतदान केले. युटा राज्यात राखीव क्षेत्रात राहणाऱ्या यूटाला 'तू या राज्याचा रहिवासीच नाहीस' असे सांगून मत नाकारले जात होते. एक यूट नागरिक न्यायालयात गेला, १९५६ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्याविरुद्ध निकाल दिला, आणि १९५७ मध्ये कायदा बदलला. राज्याला नाव यूटांचे आणि यूटाला मत नाही! बाबासाहेबांनी आपल्या हातात काय दिले हे कळायला कधी कधी दुसऱ्याचा रिकामा हात पाहावा लागतो.

दुसरी गोष्ट जास्त अडचणीची आहे. यूटसुद्धा शिडीच्या तळाशी नव्हते. त्यांच्याखाली पायूट होते, ज्यांच्याकडे घोडे नव्हते. वाकाराच्या टोळीने पायूटांची मुले आणि बायका पळवून विकल्या. मॉर्मनांनी 'सोडवलेली' मुले बहुतेक त्यांचीच. आणि ब्लॅक हॉकच्या युद्धात सगळ्यात भयानक मरण कुणाला आले? एप्रिल १८६६ मध्ये सर्कलव्हिल गावातल्या मॉर्मनांनी शेजारच्या शांत पायूटांना बोलावून निःशस्त्र केले, डांबून ठेवले आणि मारून टाकले. तळघरात ठेवलेल्या बायकामुलांना एकेक करून बाहेर काढून त्यांचे गळे चिरले. मृतांची संख्या सोळा ते तीस सांगितली जाते. वाचली ती काही लहान मुले. युद्ध यूटांचे आणि मॉर्मनांचे होते, मेले ते पायूट. त्यांच्यासाठी स्मारकाचा दगड उभा राहायला २०१६ साल उजाडले.

मिसूरीचा जमाव मॉर्मनांच्या वर, मॉर्मन यूटांच्या वर, यूट पायूटांच्या वर. याला बाबासाहेबांनी नाव दिले आहे, श्रेणीबद्ध असमानता. त्यांनी ती जातिव्यवस्थेसाठी मांडली, आणि जात अमेरिकेत नव्हती. पण शिडीचे काम तिथेही ओळखू येते. प्रत्येकाला वरचा पाय टोचतो आणि स्वतःचा पाय खाली कुणाच्या खांद्यावर आहे ते दिसत नाही. जखम खरी असते, म्हणूनच ती डोळ्यांवर पट्टीसारखी बांधता येते.

हे सगळे मी का लिहिते आहे? कारण दोन वर्षांपूर्वी मी मराठवाड्यातल्या एका गावात बैठकीला होते. गायरानाचा विषय होता. १९५९ आणि १९६४ मध्ये दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले, हजारो माणसे तुरुंगात गेली, तेव्हा कुठे गायरानावर पोट भरण्याचा आपला हक्क बोलला जाऊ लागला. त्या गावातल्या आपल्या वस्तीतल्या लोकांनीही तसेच मार खाऊन गायरान धरले होते. आता त्याच्या कडेला दोन पारधी कुटुंबांनी पालं टाकली होती. आपलीच पोरे, निळी टोपी घातलेली, म्हणत होती, "हे बाहेरचे आहेत. चोऱ्या करतात. यांना हलवा." हेच शब्द सरपंचाच्या आजोबांनी आपल्या आजोबांबद्दल वापरले असतील. १८७१ च्या कायद्याने ज्यांना जन्मजात गुन्हेगार ठरवले, तो कायदा १९५२ मध्ये गेला, आणि त्याचे वाक्य आपल्या पोरांच्या तोंडात राहिले.

मी त्या बैठकीत गप्प बसले. बाहेरून आलेली कार्यकर्ती, आपल्याच माणसांना कुठे दुखवायचे, असे मनाला सांगितले. महिन्याभरात ती पालं उठली. कुठे गेली ते मला ठाऊक नाही.

काही मित्र म्हणतील, ताई, अशा गोष्टी चव्हाट्यावर आणल्या की प्रस्थापितांच्या हातात कोलीत मिळते. ते म्हणतील, बघा, हेही तसेच. म्हणू द्या. गावातली शंभर एकर ज्यांच्या ताब्यात आहे त्यांनी दोन पालांवरून आपल्याला नैतिकता शिकवू नये, हे त्यांना मी त्यांच्या तोंडावर सांगेन. पण त्यांना द्यायचे उत्तर आपण आपल्यालाच देऊन मोकळे होऊ नये. मिसूरीच्या गव्हर्नरने १९७६ मध्ये बॉग्जचा तो हुकूम मागे घेतला आणि खेद व्यक्त केला. मॉर्मनांना त्यांचा न्याय मागायचा हक्क होताच, तो त्यांनी मागितला आणि उशिरा का होईना मिळाला. त्याने ३१ जानेवारी १८५० चा हुकूम पुसला जात नाही. दोन्ही हिशोब वेगवेगळे मांडावे लागतात.

आणि यूट संपलेले नाहीत, हेही शिबिरात सांगितले पाहिजे. फोर्ट डुशेन इथे त्यांचे शासन आहे, जमीन आणि पाण्याच्या हक्कांसाठी ते पिढ्यानपिढ्या न्यायालयात लढत आले आहेत. त्यांना आपल्या भाषणातल्या उपमेची गरज नाही. त्यांचा इतिहास वाचणारे लोक हवेत.

म्हणून माझे म्हणणे साधे आहे. दहावा हिस्सा शिकायचा तर शिका, संघटना शिका, कालव्याचे तंत्र शिका. पण आपल्या छळाचा दाखला खिशात आहे म्हणून आपला प्रत्येक निर्णय न्यायाचाच असेल, हा समज सोडा. येत्या ग्रामसभेत गायरानाचा विषय निघेल तेव्हा पालात राहणाऱ्यांपैकी कुणाला बोलावले आहे का, हे आधी विचारा. बोलावले नसेल तर विषय पुढे ढकलायला लावा. मी गप्प बसले होते. तुम्ही बसू नका.

जय भीम.